अकरा मिनिटांची कारकीर्द

आमचा कोच फ्रान्सकडून रग्बी खेळलेला होता. किती, तर अकरा मिनिटं. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. माझा नवराही हसला होता. मी पोळ्या लाटत होते, लाटणं हातातच होतं. म्हटलं, "तू भारताकडून किती मिनिटं खेळलास रे?" त्यानंतर आमच्या घरात त्या अकरा मिनिटांना कुणी हसलं नाही.

मी स्वतः शून्य मिनिटांवाली. परळला वाढले, सातवीपासून आमच्या मंडळाकडून कबड्डी खेळले. डावा कोपरा माझा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा एकदा माझ्या हातात आला की सुटायचा नाही. मागून सगळ्या जणी ओरडायच्या, "धर! सोडू नकोस!" समोरचीचा दम तुटेपर्यंत, तिचं ते कबड्डी-कबड्डी बंद पडेपर्यंत धरून ठेवायचं, एवढं मला येत होतं आणि ते फार चांगलं येत होतं. बाविसाव्या वर्षी महाराष्ट्राच्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं. त्याच आठवड्यात मुलाकडचे बघायला यायचे होते. "हे काय गुडघे फोडून घ्यायचं वय आहे का?" असं मोठ्या काकांनी विचारलं. तेही मला नाही, बाबांना. बाबा गप्प, आई गप्प, आणि मीही गप्प. त्यांच्यावरचा राग केव्हाच गेला, स्वतःवरचा अजून गेलेला नाही. एरवी एवढी चुरुचुरु बोलणारी मी, नेमकी त्या दिवशी माझी दातखीळ बसली.

मग लग्न, मुलगी, मुंबईत बँकेतली नोकरी. नवऱ्याला सिंगापूरला बोलावणं आलं तेव्हा ती नोकरीही सुटली. पासिर रिसला फ्लॅट घेतला भाड्याने, त्याचं ऑफिस पार क्वीन्सटाउनला. इथे राहायच्या परवान्याला पास म्हणतात, माझ्या पासवर शब्द आहे डिपेंडंट. घर मी चालवते, पोर मी वाढवते, गॅस संपला तर मी बघते, आणि डिपेंडंट कोण, तर मी!

गेल्या वर्षी आमच्या तेरा वर्षांच्या कन्येला रग्बीचं खूळ लागलं. दर शनिवारी तिला घेऊन क्लबच्या मैदानावर जायचं. तिसऱ्याच शनिवारी तिने बूट काढले आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "ममी, सो हॉट, लाह. आय डोन्ट वॉन्ट." झालं! खूळ आलं तसं गेलं. पण मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात बायकांचा दुसरा संघ सराव करत होता. दुसरा संघ म्हणजे नोकऱ्या सांभाळून हौसेने खेळणाऱ्या पंचविशी-तिशीच्या मुली. त्यातली एक उंच मुलगी चेंडू घेऊन पळणारीला अडवायची ती थेट खांद्याशी झोंबून, आणि दर वेळी आपणच भिरकावली जायची. तीन शनिवार मी गप्प बसले होते. त्या दिवशी मला राहवेना. "अगं, खाली वाक! कमरेखाली धर!" मी ओरडले, तेही शुद्ध मराठीत.

त्या मुलीला काय डोंबल कळणार? पण कोच वळला. पन्नाशी उलटलेला, दाराएवढा माणूस, कान वाळक्या अंजिरासारखे चुरगळलेले. त्याने मला बोटाने खूण केली: ये, करून दाखव. मी पंजाबी ड्रेसमध्ये. ओढणी मुलीकडे दिली, सपाता काढल्या, वाकून मैदानाला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेले. मुलगी मागून म्हणत होती, "ममी, नो! ममी, प्लीज!" उंच मुलगी चेंडू घेऊन धावत आली. मी खाली गेले, घोटा हातात आला, ती आडवी. वीस वर्षांनी! मला त्या क्षणी इतका आनंद झाला की रडू आलं.

फक्त एक झालं. मी तिला सोडलंच नाही. ती बिचारी जमिनीवर हात आपटतेय, मी आपली धरून बसलेय. कोच हसत हसत जवळ आला. "धरलंस झकास," तो म्हणाला, "पण सोडणार केव्हा?"

रग्बीत हाच तर फरक. समोरचीला खाली पाडलं की तत्क्षणी सोडून द्यायचं. धरून राहिलात की शिट्टी, पेनल्टी, आणि त्यांना फुकटात गोलावर लाथ मारायची संधी. कळायला काही अवघड नाही. पण माझ्या हातांना कोण समजावणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं. कोच "रिलीज, रिलीज" म्हणून घसा फोडायचा आणि मला ते ऐकूच यायचं नाही. शेवटी त्याने विचारलं, तुझ्या भाषेत याला काय म्हणतात? मी सांगितलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी तो पहाडासारखा फ्रेंच माणूस मैदानाच्या कडेने "सोड! सोड!" असं ओरडत धावायचा. त्याचा 'ड' काही वेगळाच होता, पण हात सुटायचे. निदान सरावात तरी.

असे आठ महिने गेले. आता त्या आठ महिन्यांत मी काय केलं म्हणाल, तर टॅकल बॅग धरली. टॅकल बॅग म्हणजे गादीसारखा भरलेला मोठा लोड, तो एकीने उभा धरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर धडका मारायच्या. धडका त्यांच्या, धरणार मी. शिवाय दर सरावाला, दर सामन्याला डबाभर शेंगदाण्याचे लाडू. सामन्याच्या दिवशी पोरी मध्यंतराला लाडू खायच्या. "आंटी, युअर लाडू इज द बेस्ट, लाह!" म्हणायच्या. आणि संघाच्या यादीत माझं नाव नसायचं. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण तोंडाने मी म्हणायचे, अगं खेळा तुम्ही, मी काय, आंटी. कसली शहाणी मी! पुन्हा तीच दातखीळ, फक्त या वेळी हसतमुख.

एके दिवशी सराव संपल्यावर मी डबा पुसत बसले होते. कोच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "यापुढे हा डबा आणू नकोस."

मला वाटलं लाडवात काही निघालं की काय. तो म्हणाला, "तू डबा आणतेस तोवर तू डब्यासाठी हवी आहेस." आणि मग त्याने मला त्याची सगळी कारकीर्द सांगितली. ती तो फारशी कुणाला सांगत नसे, कारण हसण्याचं त्यालाही ठाऊक होतं.

फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातला तो. बाप बदकं पाळायचा, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. खेड्याचा संघ, मग तालुक्यासारख्या गावाचा, मग मोठ्या शहरातल्या क्लबचा. तिथून त्याला देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावलं. आठवडाभर शिबिर, आणि सामन्याच्या दोन दिवस आधी यादी लागायची. त्यात तो नसायचा. पुढच्या सामन्याला पुन्हा बोलावणं, पुन्हा यादीत नाही. असं नऊ वेळा. कारण काय, तर तो टॅकल बॅग उत्तम धरायचा. कधी कुरकुर नाही, कधी आजारी नाही. खऱ्या खेळाडूंना सरावात धडका मारायला कुणीतरी भक्कम लागतोच की.

दहाव्या वेळी त्याने बॅग मैदानाच्या मधोमध टाकली आणि देशाच्या कोचला म्हणाला, "मी धरणार नाही. खेळवायचं असेल तर खेळवा, नाहीतर घरी पाठवा." त्यांनी घरी पाठवलं. सगळ्यांनी त्याला मूर्खात काढलं. बाप महिनाभर बोलला नाही. दोन वर्षं बोलावणं नाही. आणि मग एका सामन्याच्या आधी दोघे जायबंदी झाले आणि नाइलाजाने त्यांनी याला बेंचवर बसवलं. शेवटची अकरा मिनिटं राहिली तेव्हा मैदानात सोडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी पडलेल्या माणसांच्या ढिगाऱ्यातल्या चेंडूला हात घातला, तिथे त्याला बंदी असते, रेफ्रीने शिट्टी मारली, त्यांनी पेनल्टी मारली आणि आम्ही हरलो. परत कधीच बोलावलं नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता, जमिनीवर पालथा, हात चेंडूवर. तो फोटो त्याने कापून चौकटीत बसवला. मरीन परेडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यातच टांगलाय. देशाकडून खेळलेल्याला एक टोपी मिळते, तिच्यात तो घराच्या चाव्या ठेवतो. त्यानंतर बारा वर्षं क्लबकडून खेळला, गुडघा गेला, थांबला. बायकोला इथल्या बँकेत मोठी जागा मिळाली म्हणून तिच्यामागे सिंगापूरला आला. म्हणजे तोही डिपेंडंट! मी त्याला माझं पासवरचं गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की बाकावरून पडायचाच बाकी होता.

"तुला पश्चात्ताप नाही होत?" मी विचारलं.

"त्या चेंडूचा? छे! तो माझाच होता. मी आजही हात घालीन." एवढं बोलून तो बूट घेऊन चालता झाला.

त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. त्याचा अख्खा विभागच कंपनीने बंद केला. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. पुण्याला जायचं ठरलं. घरात खोकी आली. मी कॅलेंडर बघितलं. जायच्या आधी आमच्या संघाचा एकच सामना होता, मोसमातला शेवटचा. पुण्यात बेचाळीस वर्षांच्या बाईला रग्बीला कोण घेणार? खेळायचं तर याच सामन्यात, नाहीतर कधीच नाही.

नवरा म्हणाला, "अगं, सामन्यानंतर आठ दिवसांत विमानात बसायचंय. उगाच हात-पाय मोडून घेशील."

"मोडले तर प्लास्टर घालून बसेन," मी म्हटलं. "विमान मला थोडंच चालवायचंय!"

मंगळवारी सरावाला गेले ती डबा न घेता. कोचने नेहमीप्रमाणे बॅग माझ्याकडे ढकलली. मी ती उचलली नाही. या वेळी तोंड उघडलं. "मी धरणार नाही," मी म्हटलं. "खेळवायचं असेल तर खेळव, नाहीतर घरी पाठव."

सगळ्या पोरी बघत राहिल्या. तो म्हणाला, "घरी जा."

घरी! बसमधून येताना मी त्याला मराठीतल्या जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या मनातल्या मनात घातल्या. उंटावरचा शहाणा! स्वतःवर आलेली पाळी माझ्यावर आणतोस? गुरुवारी मी गेलेच नाही. संध्याकाळी फोनवर संघाची यादी आली. पंधरा जणी खेळणाऱ्या, आठ जणी बेंचवर. तेविसावं नाव माझं होतं. मी ते नवऱ्याला दाखवलं, मुलीला दाखवलं, आणि पुण्याला नेण्यासाठी भरलेल्या खोक्याची चिकटपट्टी फाडून माझे बूट बाहेर काढले.

सामना शनिवारी चारला. नवरा आणि मुलगी दोघंही आली होती. नवऱ्याने बर्फाची पिशवी आणली होती. पहिला अर्धा संपला, दुसरा निम्म्यावर आला. आमच्या पोरी दोन गुणांनी पुढे होत्या. बेंचवरच्या सात जणी एकेक करून आत गेल्या. उरले मी. सहा मिनिटं राहिली तेव्हा कोच माझ्याकडे वळला. "तयार हो."

अंगावरचा बदली खेळाडूचा झगा काढला, दातांत माउथगार्ड बसवला, रेषेपाशी वाकून जमिनीला हात लावला. हात कपाळाला टेकतोय तोच वीज पडण्याचा इशारा देणारा सायरन वाजला.

या देशात सायरन वाजला की मैदान रिकामं करायचं, मग आत कोण का असेना. सगळ्या धावत शेडखाली गेल्या. मागोमाग पाऊस आला तो धो धो. नियम असा की अर्ध्या तासात विजेचा धोका टळला आणि दोन्ही कॅप्टन हो म्हणाल्या तर उरलेला खेळ होणार, नाहीतर आहे तो निकाल कायम. म्हणजे आम्ही जिंकलो! पोरी एकमेकींना टाळ्या देत होत्या, बूट सोडत होत्या. मी उभीच. माउथगार्ड तोंडात, नजर आभाळाकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळाला धमकी दिली.

सव्वीस-सत्तावीस मिनिटांनी धोका टळल्याचा भोंगा झाला. रेफ्रीने विचारलं. समोरच्या कॅप्टनने लगेच मान डोलावली, त्या मागे होत्या ना. आमची कॅप्टन, तीच ती उंच मुलगी, म्हणाली, "नो लाह. ग्राउंड सो वेट. वी टेक द विन."

मी माउथगार्ड काढला. "आपण खेळायचं," मी म्हटलं.

"आंटी, वी आर विनिंग!"

"तू जिंकते आहेस. मी अजून आत गेलेले नाही." माझा आवाज इतका चढला होता की समोरचा संघही वळून बघू लागला. "आठ महिने बॅग धरली मी तुझ्यासाठी. सहा मिनिटं दे. शेडखाली बसून काय जिंकायचंय?"

ती वैतागून कोचकडे बघू लागली. तिचं काही चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी हटले नाही. कोच शांतपणे खाली बसला आणि तिच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्या बांधू लागला. "सहा मिनिटं," तो म्हणाला. "चला." कॅप्टनने हताशपणे हात उडवले आणि रेफ्रीला हो म्हटलं.

आणि मी आत गेले. चिखल घोट्यापर्यंत. पहिली चार मिनिटं मी नुसती धावले, धाप लागली, एकदा घसरून आपटले. मुलगी कडेवरून किंचाळत होती, "ममी, लेफ्ट! लेफ्ट!" मग त्यांच्यातली एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन डाव्या कडेने सुटली. डावा कोपरा! तिच्या आणि गोलरेषेच्या मध्ये मी एकटी. मी खाली गेले आणि तिचा घोटा माझ्या हातात आला. ती अशी आदळली की चिखल दोघींच्या तोंडात गेला.

कडेवरून आवाज आला, "सोड! सोड!" तो मी ऐकला. ऐकला नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी वाट बघत होते, तिचा दम तुटण्याची. तिच्या तोंडातलं कबड्डी-कबड्डी थांबलं की मग सोडायचं. ती तर काही म्हणतच नव्हती, बिचारी ओरडत होती, आणि मी आपली कान लावून पडलेली. शिट्टी वाजली.

पेनल्टी. त्यांनी गोलावर लाथ मारली, चेंडू दोन खांबांमधून गेला, तीन गुण. आम्ही एका गुणाने हरलो. मैदानावरून येताना आमच्यातलं कुणी माझ्याशी बोललं नाही. कॅप्टन तर माझ्याकडे न बघता गेली. कोच बॅगा गोळा करत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि त्या चुरगळलेल्या कानांपर्यंत हसला. 

घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोक माझ्या चिखलाकडे बघून लांब सरकत होते. नवरा बर्फाची पिशवी माझ्या गुडघ्यावर धरून उभा होता. म्हणाला, "काय पकडलीस गं तिला!" लग्नाला वीस वर्षं झाली, याने माझी पकड पहिल्यांदा बघितली.

मुलगी मात्र गंभीर होती. "ममी," ती हळूच म्हणाली, "यू मेड देम लूज, यू नो. यू नॉट सॅड?"

"नाही," मी म्हटलं. "बाकावर बसून कुणाला हरता येत नाही, बाळा. त्याला आत जावं लागतं." तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, चिखलासकट.

मंगळवारी माझा शेवटचा सराव होता. नवरा म्हणाला, निदान आज तरी लाडू ने, जरा गोड होतील पोरी. मी नेले नाहीत. मैदानावर गेले तर माझ्याभोवती दोन हात मोकळी जागा. कोचने टॅकल बॅग ओढत आणली आणि आमच्या मधोमध उभी केली. नेहमीच्या सवयीने माझा हात पुढे गेला. त्याने तो बाजूला सारला आणि कॅप्टनकडे बघितलं.

तिने केस करकचून बांधले. मग पुढे आली, बॅगेला दोन्ही हातांनी मिठी मारून पाय रोवून उभी राहिली आणि बॅगेमागून तिचा आवाज आला, "कम, आंटी. हार्ड."

मी वाकून जमिनीला हात लावला आणि धावत सुटले.